एकच तक्ता, चाळीस विभाग : विद्यापीठातले संशोधन आणि अध्यापन एका मापाने मोजावे का?

पोथीवाचक (धागाकर्ता) :

मी एका विद्यापीठाच्या भाषाविभागात शिकवतो. सर्व विभागांतल्या संशोधनाचा आणि अध्यापनाचा आढावा घेण्यासाठी अलीकडेच एक समिती नेमली गेली आणि तिच्यावर माझीही नेमणूक झाली. समितीने चाळीस विभागांकडे एकच तक्ता पाठवला होता. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची संख्या, ते कोणत्या नियतकालिकांत आले, इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला आणि अनुदान किती मिळाले, असे चार रकाने संशोधनासाठी होते. अध्यापनासाठी एकच रकाना होता : आठवड्याचे तास.

भरून आलेले तक्ते वाचताना माझ्या लक्षात आले की 'संशोधन' हा एकच शब्द आपण एकमेकांशी फारसे साम्य नसलेल्या कामांना लावतो. माझे काम पाठचिकित्सेचे आहे. एखाद्या जुन्या ग्रंथाची उपलब्ध हस्तलिखिते ओळीला ओळ लावून ताडून पाहायची, नक्कल करणाऱ्याची नजर एका शब्दावरून खालच्या ओळीतल्या तशाच शब्दावर घसरल्यामुळे मधला मजकूर कुठे गळला ते ओळखायचे, कोणता पाठ मूळचा असावा याचा निर्णय करायचा आणि उरलेले पाठभेद तळटीपेत द्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. एका आवृत्तीला मला अकरा वर्षे लागली आणि तक्त्यात तिची नोंद 'प्रकाशने : १' अशी झाली. त्याच काळात एका प्रयोगशाळेने साठाहून अधिक निबंध प्रसिद्ध केले. त्यांचे काम कमी कष्टाचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ही दोन कामे एका रकान्यात मावत नाहीत, एवढेच मला सांगायचे आहे.

येथे निरनिराळ्या विषयांतले सभासद आहेत, म्हणून विचारतो. तुमच्या विषयात संशोधन म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? ते कळले आहे, सिद्ध झाले आहे, असे तुम्ही केव्हा मानता? आणि त्या कामाचा तुमच्या वर्गातल्या शिकवण्याशी काही संबंध असतो का, की ती दोन वेगळी कामे केवळ एका छताखाली चालतात?

तृणांकुर :

फार महत्त्वाचा विषय काढलात. मी वनस्पतींच्या वर्गीकरणाचे काम करते. आमचा पुरावा म्हणजे वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटवलेली वनस्पती. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर कोणी, कोठे, कधी आणि किती उंचीवर ती वनस्पती गोळा केली हे लिहिलेले असते. फुलाचा जो रंग वाळल्यावर उडून जातो तोही त्या चिठ्ठीवर लिहून ठेवावा लागतो, कारण दोनशे वर्षांनी तो कागद उघडणाऱ्याला रंग कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. एखाद्या जातीला प्रथम नाव देताना ज्या नमुन्याचा आधार घेतला असेल तो नमुना त्या नावाचा कायमचा साक्षीदार ठरतो. वाद झाला की सर्वांना त्याच कागदाकडे परत यावे लागते.

आता संदर्भांचा रकाना पाहा. बटाट्याचे शास्त्रीय नाव 'सोलॅनम ट्यूबरोसम एल.' असे लिहितात. शेवटचे 'एल.' म्हणजे लिनियस हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ, कारण १७५३ साली हे नाव त्याने प्रसिद्ध केले. बटाट्यावरच्या प्रत्येक निबंधात त्याचे काम वापरले जाते, पण संदर्भसूचीत ते बहुधा येत नाही आणि म्हणून मोजलेही जात नाही. आजही जो माणूस एखाद्या कुळातल्या जाती नीट वेगळ्या करून ठेवतो, त्याच्या नावांवर पर्यावरण, औषधनिर्मिती आणि शेती या क्षेत्रांतले असंख्य लेख उभे राहतात, तरी त्याचा रकाना रिकामाच दिसतो.

अध्यापनाशी संबंध आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर ठामपणे 'आहे' असे आहे. जातींच्या ओळखतक्त्यातली एखादी पायरी चुकीची किंवा संदिग्ध आहे, हे मला जितक्या वेळा स्वतःहून कळले त्याहून अधिक वेळा तृतीय वर्षाच्या मुलांनी दाखवून दिले आहे. 'पानाची कड दंतुर असल्यास पुढे जा' असे मी लिहिते, आणि कोणीतरी असे पान समोर आणते की त्याची निम्मी कड दंतुर असते आणि निम्मी सरळ.

सरळरेषा :

मी विरुद्ध बाजू मांडतो. अर्थशास्त्र शिकवल्यानंतर काही वर्षे मी विद्यापीठाच्या प्रशासनात काम केले. समान मोजमाप नव्हते त्या काळात बढत्या कशा होत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तक्त्याचा एवढा राग येणार नाही. 'यांचे काम खोल आहे, ते मोजता येत नाही' हे वाक्य खरोखरच खोल काम करणाऱ्यासाठी जितके वापरले जाई, तितकेच वीस वर्षांत काहीही न केलेल्या ज्येष्ठासाठीही वापरले जाई. ज्याच्या पाठीशी विभागप्रमुख नव्हता अशा तरुण अध्यापकाला निबंधांची मोजणी हाच एक आधार होता. संख्या अपुरी असते हे मान्य आहे. पण संख्या काढून टाकली तर तिच्या जागी काय येते, याचाही विचार व्हावा.

पोथीवाचक :

सरळरेषा, तुमचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. माझ्याच विभागात मी तो प्रकार पाहिला आहे. मोजू नये असे माझे म्हणणे नाही. पण कशाने मोजायचे, हे ज्या त्या विषयाच्या कामाकडे पाहून ठरावे, असे मला वाटते.

शून्यलब्धी :

गणिताची बाजू सांगतो. आमच्याकडे पुरावा म्हणजे सिद्धता, आणि ती पूर्ण असते किंवा नसते. नव्याण्णव टक्के सिद्ध झाले, असे काही नसते. त्यामुळे दोन वर्षे काम करून हाती काहीच न लागणे ही आमच्यात नेहमीची गोष्ट आहे आणि त्या दोन वर्षांची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

लेखकांच्या नावांचेच पाहा. गणितात निबंधावरची नावे आडनावाच्या वर्णानुक्रमाने देण्याचा प्रघात आहे, त्यामुळे पहिल्या नावाला काहीच अर्थ नसतो. जीवशास्त्रात पहिले नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. कणभौतिकीत तर २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर ५,१५४ लेखकांची नावे होती आणि निबंधाच्या ३३ पानांपैकी २४ पाने त्या नावांनी व त्यांच्या संस्थांनी भरली होती. यात गैर काही नाही, कारण तो प्रयोग तेवढ्या माणसांशिवाय होऊच शकत नव्हता. पण 'पहिल्या लेखकाला अधिक गुण' हा एकच नियम या तिन्ही विषयांना लावला, तर तीन वेगवेगळे अन्याय होतील.

शिवाय नियतकालिकाचा जो 'प्रभावांक' पाहतात, तो सर्वसाधारणपणे मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या संदर्भांवरून काढतात. गणितातला निबंध नीट वाचून, समजून, त्यावर पुढचे काम करायलाच दोन वर्षे सहज लागतात.

कवडसा :

+१. इतिहासातही तसेच आहे. आमच्यात मुख्य काम ग्रंथरूपाने येते आणि त्याची पहिली परीक्षणेसुद्धा कित्येकदा दोन वर्षांनी छापून येतात.

अनुस्वार :

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या चर्चेत थोडे संकोचून लिहिते. आमच्या विभागातल्या सर्वांत नामवंत संशोधक वर्गात पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवतात आणि तास संपला की निघून जातात. ज्यांच्यामुळे मला विषय आवडू लागला त्या मॅडमनी गेल्या कित्येक वर्षांत काही प्रसिद्ध केलेले नाही. मग चांगला संशोधक चांगले शिकवतो, हे खरे कशावरून मानायचे? आम्ही विद्यापीठात शिकण्यासाठी येतो. ज्या कामातून आम्हाला काही मिळत नाही, त्याच्या गौरवाशी आमचा काय संबंध?

मध्यमपद :

अनुस्वार, अजिबात संकोच करू नका. तुमचा प्रश्न या धाग्याच्या मुळाशी आहे आणि त्यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श या दोघांनी १९९६ साली ५८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अध्यापकाचे संशोधन आणि त्याच्या अध्यापनाची गुणवत्ता यांच्यातला सहसंबंध त्यांना सरासरी ०.०६ आढळला, म्हणजे जवळजवळ शून्य. चांगला संशोधक आपोआप चांगला शिक्षक होतो, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

मात्र त्या शून्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. संशोधनामुळे शिकवणे बिघडते, असेही त्यातून निघत नाही. तसे असते तर सहसंबंध उणे आला असता. आणि त्या अभ्यासांत संशोधन बहुतेक ठिकाणी लेखसंख्येने मोजलेले होते आणि अध्यापन विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाने. म्हणजे पोथीवाचकांचा तक्ता तिथेही हजर होता. मोजायचे साधनच दोन्ही बाजूंनी बोथट असेल, तर खरा संबंध असूनही तो दिसणार नाही, ही शक्यता उरतेच.

मुळाक्षर :

थोडा इतिहास सांगतो, कारण ही दोन कामे एकत्र असावीत हा विचार विद्यापीठांच्या मानाने बराच अलीकडचा आहे. बोलोन्या आणि पॅरिस येथील मध्ययुगीन विद्यापीठांत मुख्य काम होते ते प्रमाण मानलेल्या ग्रंथांचे विवरण आणि त्यांवरचा वादविवाद. अध्यापकाने नवे ज्ञान निर्माण करावे आणि विद्यार्थ्याने त्यात सहभागी व्हावे, ही कल्पना ठळकपणे मांडली ती प्रशियाचा विद्वान आणि शिक्षणखात्याचा अधिकारी विल्हेल्म फॉन हुंबोल्ट याने, १८१० साली सुरू झालेल्या बर्लिनच्या विद्यापीठाच्या निमित्ताने. शाळेत तयार ज्ञान शिकवावे, विद्यापीठात मात्र ज्ञानाकडे अजून न सुटलेला प्रश्न म्हणून पाहावे, असा त्याचा आग्रह होता. अमेरिकेत हा आदर्श समोर ठेवून १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झाले.

याच्या उलट मतही त्याच शतकात तितक्याच ताकदीने मांडले गेले. डब्लिनमध्ये नव्या विद्यापीठाची उभारणी करताना जॉन हेन्री न्यूमन याने १८५२ च्या सुमारास असे प्रतिपादन केले की शोध लावणे आणि शिकवणे ही दोन वेगळी कामे असून त्यांना लागणारे गुणही वेगळे असतात, आणि एकाच माणसात ते दोन्ही क्वचितच आढळतात. अनुस्वार, तुमच्या बाजूने एवढा मोठा साक्षीदार आहे.

परंतु हुंबोल्टचा विचार नुसता कागदावर राहिला नाही, हे जर्मनीतल्या गीसन विद्यापीठात दिसते. युस्टुस लीबिग १८२४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, तिथे रसायनशास्त्र शिकवू लागला. पुढे त्याने काचेच्या पाच फुग्यांचे एक लहानसे उपकरण तयार केले. सेंद्रिय पदार्थ जाळला की निघणारा कार्बन डायऑक्साइड त्या फुग्यांतल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई, आणि जाळण्यापूर्वीचे व नंतरचे उपकरणाचे वजन पाहिले की पदार्थात कार्बन किती होता ते कळे. त्याआधी असे विश्लेषण करणे मोजक्याच तज्ज्ञांना साधत असे. या उपकरणाने ते विद्यार्थ्याच्या हाताला आले. खोलीभर विद्यार्थी एकाच वेळी वेगवेगळे पदार्थ तपासू लागले आणि त्यांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात आधीपासून छापलेली नव्हती. माझ्या मते अध्यापनाच्या इतिहासातला हा फार मोठा क्षण आहे.

ओंजळ :

मुळाक्षर, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. यालाच जोडून रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हची आठवण होते. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिताना मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने मांडावीत, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला आणि १८६९ ची आवर्त सारणी त्या प्रयत्नातून आली. 'हे मुलांना कोणत्या क्रमाने सांगू?' हा अध्यापकाचा प्रश्न असतो. येथे तो संशोधनाचा प्रश्न ठरला.

झऱ्याकाठी :

सूक्ष्मजीवशास्त्रातले एक उदाहरण देतो. १९६६ साली इंडियाना विद्यापीठातले थॉमस ब्रॉक आणि त्यांच्याबरोबर काम करणारा हडसन फ्रीझ हा पदवीचा विद्यार्थी यांनी यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतून जिवाणूचे नमुने घेतले. एवढ्या तापमानात काही जगत असेल, हे तेव्हा फारसे कोणी मानत नव्हते. त्यातून वेगळ्या काढलेल्या 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' या जिवाणूचे वर्णन दोघांनी १९६९ साली प्रसिद्ध केले आणि त्याचा जिवंत संवर्ध सार्वजनिक संग्रहात ठेवला, म्हणजे कोणालाही तो मागवता यावा. वीसेक वर्षांनंतर याच जिवाणूचे उष्णता सहन करणारे विकर (एन्झाइम) पीसीआर तंत्राच्या कामी आले. त्या तंत्रात डीएनएचे तुकडे वारंवार तापवून त्यांच्या प्रती वाढवायच्या असतात, आणि साधे विकर दरवेळी तापमानाने निकामी होत असे.

१९६९ मध्ये ब्रॉक यांना जर कोणी तक्ता दिला असता, तर 'उपयोग' या रकान्यात त्यांना काय लिहिता आले असते? आणि अनुस्वार, पदवीच्या त्या विद्यार्थ्याला त्या कामातून काहीच मिळाले नसेल का?

अनुस्वार :

झऱ्याकाठी, तुमचे उदाहरण मला पटले. पण त्या विद्यार्थ्याला सोबत नेले होते. आमच्याकडे प्रयोगशाळेचे दार पदव्युत्तर वर्गाआधी उघडत नाही. माझी तक्रार संशोधनाबद्दल नव्हती, त्या बंद दाराबद्दल होती, असे आता मला वाटते.

शून्यलब्धी :

अनुस्वार, हे तुम्ही फार नेमके लिहिलेत.

दीपमाळ :

मी अध्यापनाच्या पद्धतींवर काम करते, त्यामुळे 'आठवड्याचे तास' हा रकाना वाचून मला विशेष वाईट वाटले. एका तासात काय घडते, याला काही महत्त्वच नाही, असा त्याचा अर्थ होतो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एकत्रित आढावा घेतला. निव्वळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते. ज्या वर्गांत विद्यार्थ्यांना तासातच प्रश्न सोडवायला, आपसांत चर्चा करायला लावले होते तिथे ते २१.८ टक्के होते. तास दोन्हीकडे तेवढेच भरतात.

आणि अध्यापनातही विषयांइतकीच विविधता आहे, हे विसरू नये. हार्वर्डच्या विधी विद्यालयात १८७० नंतर लँगडेल याने नियम सांगण्याऐवजी न्यायालयांचे प्रत्यक्ष निकाल विद्यार्थ्यांपुढे ठेवले आणि नियम त्यांनाच शोधायला लावला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत १९६९ पासून शरीररचना आणि शरीरक्रिया आधी वेगळ्या शिकवून मग रुग्णाकडे जाण्याऐवजी, रुग्णाच्या समस्येपासून सुरुवात करून लागेल ते शास्त्र लहान गटांनी शिकण्याची पद्धत सुरू झाली. वास्तुकलेत भिंतीवर आराखडा लावून सर्वांदेखत त्याची चिकित्सा होते. संगीतात गुरू एका वेळी एकालाच शिकवतो. यांतल्या प्रत्येक तासाची किंमत सारखी धरायची, हे मला समजत नाही.

सरळरेषा :

दीपमाळ, एक व्यावहारिक अडचण सांगतो. एकाला एक शिकवण्याचा तास आणि दोनशे जणांच्या सभागृहातला तास यांत फरक करायचा, तर लहान वर्ग असलेले विभाग 'महाग' ठरतात आणि ताळेबंदात तेच प्रथम दिसतात. सगळे तास सारखे धरले, म्हणून काही लहान विभाग आजवर टिकले आहेत, हेही खरे आहे. मोजमाप सूक्ष्म झाले की संरक्षण वाढतेच असे नाही.

दीपमाळ :

हा धोका माझ्या लक्षात आला नव्हता. विचार करून लिहीन.

कवडसा :

तासांचा विषय निघालाच आहे, तर अ‍ॅलिस कोबर यांची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात त्या ग्रीक आणि लॅटिन शिकवत आणि त्यांच्यावर अध्यापनाचा पूर्ण भार होता. अंध विद्यार्थ्यांना परीक्षा देता याव्यात म्हणून त्या ब्रेलही शिकल्या. उरलेल्या वेळात, म्हणजे रात्री, घरी बसून त्या क्रीटमध्ये सापडलेल्या 'लिनियर बी' या न वाचलेल्या लिपीवर काम करत. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या पाठकोऱ्या बाजू, उत्तरपत्रिकांची मुखपृष्ठे, जे हाती येईल त्यातून त्यांनी छोटी कार्डे कापली आणि ती सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवली. सुमारे १,८०,००० कार्डे. कोणते चिन्ह कोणत्या चिन्हाशेजारी किती वेळा येते, शब्दाच्या सुरुवातीला की शेवटी, हे सर्व त्या कार्डांवर आहे. या भाषेत शब्दांना विभक्तीसारखे प्रत्यय लागतात, हे त्यांनी एकाही चिन्हाचा उच्चार माहीत नसताना दाखवून दिले.

१९४६ साली त्यांना एका वर्षाची पाठ्यवृत्ती मिळाली आणि तेवढे एक वर्ष त्या वर्गातून मोकळ्या झाल्या. १९५० मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने लिपी उलगडली आणि त्याला कोबर यांनी घालून दिलेल्या पद्धतीचा मोठा आधार होता. त्यांची प्रकाशने संख्येने थोडीच आहेत. पोथीवाचकांच्या तक्त्यात त्यांच्या तासांचा रकाना भरलेला दिसला असता आणि उरलेले रकाने जवळजवळ रिकामे.

तृणांकुर :

कवडसा, हे वाचून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. ती कार्डे मला आमच्या वनस्पतींच्या कागदांसारखीच वाटतात. तिथेही जमवणे, लावणे, तुलना करणे. आणि तिथेही वर्षानुवर्षे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नसल्यासारखे दिसते.

मध्यमपद :

जरा मूळ प्रश्नाकडे येऊ. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली असे सुचवले होते की विद्वत्तेच्या कामाचे चार प्रकार मानावेत : नवा शोध, वेगवेगळ्या शाखांतल्या ज्ञानाची जोडणी, ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग, आणि अध्यापन. पोथीवाचकांच्या तक्त्यातले चारही रकाने यांपैकी पहिल्याच प्रकाराचे आहेत, आणि त्यातही एकाच पद्धतीच्या शोधाचे. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, असे स्पष्टपणे सांगणारे सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्र २०१२ साली तयार झाले आणि पुढे जगभरातल्या अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. समितीपुढे काही ठेवायचे असेल, तर हे दोन आधार उपयोगी पडतील.

सरळरेषांच्या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे. संख्या राहू द्या, पण तिच्याशेजारी त्या विषयातल्या बाहेरच्या दोन जाणकारांनी काम प्रत्यक्ष वाचून लिहिलेले मत असू द्या. विभागप्रमुखाची मर्जीही नको आणि नुसती बेरीजही नको.

सरळरेषा :

बाहेरचे जाणकार, आणि त्यांची निवड विभागाने करायची नाही, अशी अट असेल, तर मला हे मान्य आहे. वेळ फार लागेल; परंतु अकरा वर्षांच्या कामासाठी दोन माणसांचे दोन दिवस मागणे अवाजवी नाही.

मुळाक्षर :

पोथीवाचक, तुम्ही दुसऱ्यांना विचारलेत, पण तुमच्या संशोधनाचा तुमच्या वर्गाशी काय संबंध आहे, ते सांगितले नाहीत.

पोथीवाचक :

मुळाक्षर, खरे आहे. सांगतो.

वर्षाच्या सुरुवातीला मी विद्यार्थ्यांना पाठचिकित्सेची एकही व्याख्या सांगत नाही. अपरिचित शब्दांनी भरलेला एक परिच्छेद मी एका विद्यार्थ्याला देतो. तो हाताने उतरवून पुढच्या दोघांना देतो, ते दोघे आणखी दोघादोघांना देतात, आणि असे होत होत वर्गभर प्रती तयार होतात. मूळ कागद आणि पहिल्या काही प्रती मी काढून घेतो. उरलेल्या प्रती टेबलावर मांडून मी एवढेच विचारतो की कोणी कोणाची नक्कल केली ते शोधून काढा. पहिली वीस मिनिटे सगळे अक्षराच्या वळणाबद्दल बोलत असतात. मग कोणाच्या तरी लक्षात येते की बरोबर उतरवलेल्या ओळींवरून काहीच कळत नाही, कारण त्या सर्वांच्या सारख्याच आहेत. ज्यांची चूक सारखी, ते एकाच घराण्यातले. तो क्षण मी दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी मला तितकाच आनंद होतो. तास संपेपर्यंत फळ्यावर प्रतींचा वंशवृक्ष तयार झालेला असतो आणि काढून घेतलेल्या कागदावर काय लिहिले असावे, हे बहुतेक बरोबर सांगितले जाते.

दोन वर्षांपूर्वी याच तासाला एका विद्यार्थिनीने विचारले की एखाद्याने दोन प्रती शेजारी ठेवून त्यांतले बरे ते उचलून तिसरी प्रत केली असेल, तर वृक्ष कसा काढायचा? हा प्रश्न आमच्या क्षेत्रात जुना आणि अवघड आहे. पण त्यामुळे माझ्या आवृत्तीतल्या एका हस्तलिखिताकडे मी पुन्हा पाहिले, आणि ते तशाच मिश्र वंशाचे निघाले. प्रस्तावनेची सात पाने मला नव्याने लिहावी लागली.

अनुस्वार :

सर, त्या विद्यार्थिनीचा उल्लेख प्रस्तावनेत आहे का?

पोथीवाचक :

आहे, नावासह, पहिल्याच पानावर.

समितीची पुढची बैठक येत्या गुरुवारी आहे. इथल्या चर्चेवरून मी दोन मागण्या करणार आहे. पहिली, प्रत्येक विभागाने तक्त्याबरोबर अर्धे पान लिहावे : आमच्या विषयात पुरावा कशाला म्हणतात, एक काम पुरे व्हायला साधारण किती काळ लागतो, आणि त्याचा निर्णय कोण करू शकतो. मध्यमपद आणि सरळरेषा यांनी सुचवलेले बाहेरचे जाणकार त्या अर्ध्या पानावरून निवडता येतील. दुसरी, तासांच्या रकान्याऐवजी त्या वर्षातल्या एका तासाचे वर्णन मागवावे, आणि दीपमाळ यांना उत्तर देताना सरळरेषांनी जो इशारा दिला आहे तो लक्षात घेऊन ते वर्णन खर्चाच्या हिशेबासाठी वापरले जाऊ नये, अशी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. पदवीच्या विद्यार्थ्यांना कोणत्या कामात सोबत घेतले, हेही त्याच वर्णनात यावे. अनुस्वार, हे तुमच्यामुळे सुचले.

नमुना म्हणून दोनचार विभागांची अर्धी पाने हाताशी असली, तर समितीला समजावणे सोपे जाईल. कोणी लिहून देईल का?

शून्यलब्धी :

गणिताचे मी देतो. बुधवारी रात्रीपर्यंत.

तृणांकुर :

वनस्पतिशास्त्राचे आताच लिहायला घेतले आहे. सुरुवात अशी केली आहे, पटते का पाहा : "आमच्या विषयात पुरावा म्हणजे एक वाळलेली फांदी, आणि ती कोठे, कधी, कोणी तोडली हे सांगणारी चिठ्ठी. चिठ्ठी हरवली तर फांदीचा उपयोग राहत नाही. एका कुळाचा आढावा पुरा व्हायला दहा ते पंधरा वर्षे लागतात, कारण काही जाती वर्षातून एकदा, आठवडाभरच फुलतात, आणि त्या आठवड्यात तिथे असावे लागते."